नेढं

दोरा आधी ओठांत धरायचा, ओला करायचा,
मग उजेडाकडे बघत नेढ्यात.
एकोणतीस वर्षं असंच.
चष्मा लागला, तरी चुकला नाही.

पौषात चुकला.
मी म्हटलं, डोळे.
परत चुकला, म्हटलं, थंडी.
तिसऱ्यांदा पाहिलं, दोऱ्याचं टोक हलतंय
ते माझ्याच ओठांनी,
आणि मी तर ओठ हलवले नव्हते.

चंद्रभागा पोलकं न्यायला आली.
"काय चघळता वो मावशी दिवसभर? सुपारी?"
तोंडात काहीच नव्हतं.
मी तिच्यासमोर आ करून दाखवलं, लहान पोरासारखा.

खरं तर सुरुवात पोटापासून.
अंगात साखर चौदा वर्षांची, घरच्या माणसासारखी.
रात्रीची भाकर सकाळी तशीच आत,
दुपारी उलटी झाली की त्यात आंबाडीची पानं,
कालची, ओळखू येणारी.
दिग्रसच्या डॉक्टर उईके म्हणाल्या,
पोट चालायचं विसरलंय.
चिठ्ठी लिहिली:
जेवणाच्या अर्धा तास आधी एक, दिवसातून तीनदा, पाच दिवस.
मग मला दाखवायला या.
पाचच्या खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.
त्या रेघा मला आता दिसतात.
तेव्हा दिसलं एवढंच,
की तिसऱ्या दिवशी कण्या खाल्ल्या आणि त्या खाली उतरल्या.

गुण आला की माणूस चिठ्ठी ठेवून देतो,
रिकामी पट्टी दाखवतो.
स्टँडवरच्या मेडिकलात भुमेश्वर मागे न वळताच हात लांब करायचा,
डावा खण, वरून दुसरी.
"हेच ना काकू?"
"हेच."
राखी त्या गोळीवर गेली, दिवाळीचे कपडे त्या गोळीवर शिवले.
मळमळ जास्त, त्या दिवशी दोन.
त्यानं विचारलं नाही, मीही नाही.
रात्री खाटेवर पाय पायडल मारत राहायचे,
मशीन ओसरीत चादरीखाली झोपलेलं असताना.
सून म्हणाली, कामाची सवय आहे, दुसरं काय.
जाऊबाई म्हणाली, नजर.
लिंबू उतरवलं. लिंबू वाया गेलं.

मग पिशवी घेऊन दिग्रसला.
रिकाम्या पट्ट्या मी टाकत नव्हते,
त्यांच्या खळग्यांत हुक, टिचबटणं चांगली बसतात.
टेबलावर पिशवी उलटी केली. बटणं टणटण उडाली.
डॉक्टर उईके मोजत राहिल्या, सेहेचाळीसपर्यंत.
ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणाल्या, ही गोळी पोटाला ढकलते,
पण तिचा हात डोक्यापर्यंत पोचतो.
जास्त दिवस पोचला, की ओठ, जीभ ऐकत नाहीत.
आजपासून बंद.
मी विचारलं, "हे जाईल?"
"कमी होईल बहुतेक. पुरतं जाईलच, असं मी नाही सांगत."
कापड कमी पडतंय, हे
कापायच्या आधी सांगणारी बाई.
मला तिचा राग आला नाही.

आता पाच वेळा खाते, वाटी वाटी.
पातळ वरण, मऊ भात, कण्या शिजवून शिजवून.
आंबाडी नाही. तळलेलं नाही. ते जड जातं,
पोटालाही आणि मनालाही.
जेवून झालं की शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येते.
साखरेचे आकडे पोरीच्या जुन्या वहीत.

डॉक्टरांनी एक दुसरी गोळी दिलीय.
घरी येऊन पहिलं काम केलं,
कापड आखायच्या निळ्या खडूनं दाराच्या आतल्या बाजूला
संपायची तारीख लिहिली.
खाली दोन रेघा.

मंगळवारी भुमेश्वरकडे गेले.
पुढे एक तरणी बाई, कडेवर पोर, हातात रिकामी पट्टी.
त्याचा हात डाव्या खणाकडे निघाला,
मला पाहून मधेच थांबला.
"चिठ्ठी आहे का वहिनी?"
ती माझ्याकडे बघायला लागली.
माझे ओठ तेव्हाही हलतच होते,
जरासे.

दोरा आता वाटीतल्या पाण्यात बुडवते.
कधी पहिल्याच खेपेला जातो.
कधी नातीला हाक मारते.